कावळ्यापुढं दिलेला शब्द

आवं सईचे बाबा,

लाल मगानं सात मग पाणी. आठवा ओतला की सई किंचाळते. मग वेणी, पण कंगवा तुमचाच, दात तुटलेला. मग भाकरी, कुठंही चीर नसलेली. चीर दिसली की ती ताट सरकवते आणि स्वतःचं मनगट चावते, म्हणून मी दुसरी थापते. साडेसहाला दुधाची किटली घेऊन दोघी डेअरीला निघतो. मारुतीच्या देवळाला उजवीकडून वळसा, डावीकडून नाही. तुम्ही तिला नेत होता तसंच. तुमच्यामागं चार वर्षं रोज हेच. परवाची सकाळही अशीच सुरू झाली होती.

परवा भाकरी दोनदा चिरली. तिसरीला पीठ नव्हतं. सई मनगट चावायला लागली, मी तिचा हात ओढला, तर ती मलाच चावली. आणि मी तिला उलथन्यानं मारलं. उलथनं तव्यावरचं होतं हो, गरम!

सतरा वर्षांत पहिल्यांदा. ती रडलीसुद्धा नाही. माझ्या हातून खाली पडलेलं उलथनं तिनं उचललं आणि त्याच्या खिळ्याला नीट अडकवून ठेवलं.

म्हणून हे पत्र. तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

सांगलीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा ऑटिझम म्हटलं तेव्हा सई चार वर्षांची होती. बाहेर येऊन तुम्ही रसवंतीत तीन ग्लास रस सांगितला. मी रडत होते. तुम्ही म्हणालात, "नाव कायबी असू दे, पोरगी आपलीच हाय न्हवं? पी आधी." मग घरी येऊन तुम्ही सईची सकाळ घेतली, मला संध्याकाळ दिली. किती वर्षं चाललं आपलं तसं! आणि एका दुपारी छातीत दुखतंय म्हणून टेकलात ते उठलाच नाहीत. दोघांचं काम एकटीवर टाकून असं कुणी जातं का?

रक्षाविसर्जनाचा दिवस तुम्हाला ठाऊक असेल, तुमचाच होता. नदीच्या घाटावर तुमच्या आवडीचा नैवेद्य मांडला होता. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. तुमचा भाऊ म्हणाला, "दादा, पोरीची काळजी करू नगं, आमी हाय की!" कावळा जागचा हलला नाही. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाले, "सईला कुणाच्या हाती देणार नाही. मी एकटी बघीन." डोळे उघडले तर कावळा भातावर!

"जीव पोरीतच अडकला हुता बघा," बाया म्हणाल्या.

त्या दिवशी दार लागलं ते लागलंच. इस्लामपूरला अशा मुलांची शाळा आहे. त्यांची गाडी फाट्यावर येते. दोनदा न्यायला आलेली मी परत पाठवली. शेजारची पद्माक्का कितीदा म्हणाली, घटकाभर दे माझ्यापाशी. नाही दिली. कोरेगावला भाचीच्या लग्नाला गेले नाही. भावजयीनं पाठवलेली साडी अजून घडीतच आहे. चार वर्षांत माहेरचा उंबरा पाहिला नाही, आणि हे सगळं मी तुमच्या नावावर सोसलं.

खरं सांगू? कधी कधी तुमचा हेवा वाटला. आणि एका पहाटे सईला उठायला उशीर झाला, तेव्हा ही उठूच नये असं मनात आलं. लिहिलं एकदाचं. खोडणार नाही.

डॉक्टरांनी दिलेली पुस्तिका मी किती वेळा वाचली असेल! मी चौथी शिकलेली, पुढचं तुम्ही आणलेल्या पेपरांवर अडखळत शिकले. पण त्या पुस्तिकेतलं एक पान मी दर वेळी उलटून पुढं जायची. आईबापाच्या थकण्याचं पान. वाटायचं, ते दुसऱ्यांसाठी आहे. परवा वाचलं. त्यात मीच होते.

परवाच संध्याकाळी पद्माक्का कढीपत्ता मागायला आली आणि तिला सईचा दंड दिसला. मी मलम लावलं होतं, तरी डाग दिसत होता.

"ह्ये काय गं?"

मी सगळं सांगितलं. शब्दाचंही सांगितलं. तशी तिनं कपाळाला हात लावला.

"आगं येडे, कावळा तुझ्या शब्दाला आला व्हय? सई नैवेद्यापाशी उभी राहून टाळ्या पिटत हुती. कावळा येतोय कशाला! तू डोळं झाकलंस तवा मी तिला हाताला धरून खालच्या पायरीवर नेली. पाण्यात पाय सोडून गप बसली. मग आला त्यो."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कवा? आन् त्यो बिचारा माणूस, त्यानं कवा मागितला हुता शब्द? तूच दिलास, तूच गळ्यात बांधून घेतलास!"

रागच आला मला. आधी तिचा, मग माझा. मग तुमचाही. चार वर्षं सांगता आलं नाही होय तुम्हाला? सई दुसऱ्याच्या हातात होती, तेव्हाच तुम्ही जेवलात ना?

आता नवा शब्द देते, त्याला कावळा लागत नाही. सईवर पुन्हा हात उचलणार नाही. हातून असलं काही होईलसं वाटलं, तर आधी अक्काला हाक मारीन, आणि हाक मारायला लाजणार नाही. सोमवारी फाट्यावर गाडीला तिच्यासोबत उभी राहीन. ती शाळेत रमेल की नाही, मला माहीत नाही.

काल सकाळी लाल मगानं सात मग पाणी घातलं, वेणी घातली, भाकरी दिली. मग किटली अक्काच्या एका हातात दिली आणि सईचा हात दुसऱ्या हातात. मारुतीला उजवीकडून जायचं, तेवढं सांगितलं. दोघी दिसेनाशा झाल्यावर मी आत आले आणि झोपले.

तुमची,
सुमन