आत्याबाईचं आतलं बटण

सोमवार, ३ जून

आत्याबाईने आज परत एक फोटो भाजला!

आत्याबाई म्हणजे मामाच्या स्टुडिओतलं फोटो वाळवायचं मशीन. नाव मी ठेवलंय — गोल, चकचकीत आणि नाकावर राग. आत तापणारी कॉइल, वर आरशासारखा ड्रम, ड्रमला लपेटलेलं जाड कापड. ओला फोटो कापडावर ठेवायचा, तो ड्रमभोवती फिरून पलीकडून कोरडा, चकाकत बाहेर येतो. यायला पाहिजे! हल्ली येतो तो कडेने तपकिरी, वाळक्या पानासारखा वळलेला.

मामा म्हणाला, "कार्टे, तुझाच काहीतरी उद्योग असणार." तसं रास्त आहे. गेल्या महिन्यात त्याच्या स्टुलाचा एक पाय मीच तोकडा केला होता. पण या वेळी खरंच काही केलेलं नाही. न केलेल्याचा आळ आला की फार लागतं — केलेल्याची निदान मजा तरी घेतलेली असते.

मंगळवार, ४ जून

मशीन खोललं. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून एकमत नाही. पण माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर आला की सगळे गप्प बसतात. ऊब ठरलेल्या जागी थांबवणाऱ्या थर्मोस्टॅटचे पॉइंट काळे पडले होते, ते घासले. कापड धुतलं — पाणी चहासारखं निघालं. रोलरला तेल दिलं. मामा मागे उभा राहून शीळ घालत होता. म्हणजे खूश.

बुधवार, ५ जून

दोन भाजले. टोपीवाल्याचे!

टोपीवाला आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. फोटो स्वतः काढतो, पण मोठे प्रिंट मामाच्याच हातचे लागतात. महिनाअखेर त्याचं प्रदर्शन आहे. आज त्याने टोपी काढून काउंटरवर ठेवली. तो टोपी काढतो म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणाला, "मास्तर, अजून एक गेला तर मी दुसरीकडे जातो. राग मानू नका."

मामाने राग मानला नाही. तेच वाईट वाटलं.

मामी तर वाटच बघतेय. टोपीवाला गेला की डार्करूमला कुलूप आणि मामाने घरी बसायचं! मामा घरी बसला तर भिंतींना रंग देऊन देऊन घर लहान करून टाकेल.

गुरुवार, ६ जून

नवा थर्मोस्टॅट टाकला. थर्मामीटर लावून तपासला. सांगितलं तेवढंच तापू देतो, शहाण्यासारखा.

शुक्रवार, ७ जून

परत भाजला! नशीब, आमचाच होता, टोपीवाल्याचा नाही.

मशीन ठीक, कापड ठीक, मी निर्दोष. उरलं कोण? मामा! डायलवरचे आकडे केव्हाच पुसून गेलेत. मामा रोज सकाळी तळहात ड्रमवर टेकवतो, बटण फिरवत राहतो आणि मनासारखी ऊब लागली की म्हणतो, "झाली." थर्मामीटरला तो काचेची कांडी म्हणतो. मीही कधी वाद घातला नाही, कारण त्याचा हात कधी चुकलाच नव्हता.

उद्या या हाताची फजिती करायची! कॉइलची वायर काढून ठेवते. लाल दिवा लागेल, ड्रम गारच्या गार. मामा बटण पिळत बसेल आणि मी कोपऱ्यात पोट धरून हसेन.

शनिवार, ८ जून

मामाने हात टेकवला. बटण फिरवलं. अजून थोडं. अजून थोडं. मग म्हणाला, "झाली. लाव फोटो."

ड्रम फरशीइतका गार होता.

हसू तयार ठेवलं होतं. तसंच राहिलं. मी म्हटलं, वायर सुटलीय वाटतं, थांब जरा. तो "हो का?" म्हणाला आणि हाताकडे बघत राहिला.

जेवताना मामीने विचारलं, अहो, तळहाताला फोड कसला आलाय? मामा म्हणाला, कुठे? मग तळहात उलटसुलट करून शोधला तेव्हा त्याला सापडला.

रविवार, ९ जून

स्टुडिओ बंद. मी एकटी, आत्याबाईचं पोट उघडून.

आजवरची सगळ्यात मोठी खोडी केली. नवा थर्मोस्टॅट आत सरकवला, कॉइल त्यालाच जोडली, काचेच्या कांडीने मोजून पक्का केला. त्याचं छोटं बटण मागचं झाकण काढल्याशिवाय दिसत नाही. बाहेरच्या बटणामागे जुना परत बसवला, त्याला नुसता लाल दिवा. फिरवलं की टक् वाजतं, दिवा लागतो, बाकी शून्य! टक् वाजायलाच हवं. मामाचे कान शाबूत आहेत.

मामीला सांगितलं तर लगेच कुलूप. नाही सांगितलं तर त्याच्या हाताचं काय? दोन्हीकडून मीच फितूर.

सोमवार, १० जून

टक् चाललं!

मंगळवार, ११ जून

टोपीवाल्याचे सगळे प्रिंट आरशासारखे. आज त्याची टोपी डोक्यावरून हलली नाही. मामाने आत्याबाईला थोपटलं, मला म्हणाला, "बघ. हाताला कळतं."

एरवी अशा वेळी मला हसू आवरत नाही. आज उगाच स्क्रू पुसत बसले.

बुधवार, १२ जून

मामाने शेगडीवरचं उकळत्या पाण्याचं भांडं नुसत्या हातांनी उचललं. निवांत घेऊन आला. मी किंचाळले तर म्हणतो, काय झालं?

मशीन दुरुस्त झालं. मामा नाही.

उद्या मामीला सांगायचं. कुलूप तर कुलूप.

गुरुवार, १३ जून

मी मामीकडे निघणार तेवढ्यात मामाने नेहमीसारखा हात ड्रमवर टेकवला. बटण फिरवलं. टक्. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कार्टे, आतलं बटण जरा खाली घे. आजचा कागद पातळ आहे."

मी मागचं झाकण काढायला घेतलं.

"आणि झाकण लावून झालं की माझ्याबरोबर दवाखान्यात चल. मामीलाही घेऊ."