चालायचं मी, मारायचं आईंनी

१२ नोव्हेंबर, नरपड

वापीच्या हॉस्पिटलातून घरी. डाव्या हाताने लिहितेय. अक्षर पहिलीतल्या मुलीसारखं. चालेल.

उजवा हात झोळीत. दुखतो तो फक्त खांदा, त्याच्या खाली काहीच नाही. म्हणजे हात आहे, दिसतो, नखांवर दिवाळीचं नेलपॉलिशसुद्धा आहे. डॉक्टर म्हणाले, मूठ मिटा. मी मिटली. खरंच वाटलं की मिटली. खाली पाहिलं तर बोटं तशीच पसरलेली.

ते पाहून मला जे

१४ नोव्हें.

येणारा प्रत्येक जण विचारतो, कसं झालं? एकदा लिहून टाकते. तलासरीच्या शाळेतून कॉम्प्युटरचा शेवटचा तास घेऊन स्कूटरवरून निघाले. हायवे सोडून डहाणूच्या रस्त्याला लागले, आशागड यायचं होतं. पुढच्या ट्रकची ताडपत्री सुटली आणि सरळ तोंडावर. निळं निळं झालं सगळं. बस, एवढंच. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. खांद्यावर पडले, मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला. मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणल्यात. नुसत्या ताणल्यात की तुटल्यात, ते नंतरच्या तपासणीत कळेल. तोवर थांबायचं.

सासूबाई आंघोळ घालतात. मी त्यांना आईच म्हणते. लग्न झाल्यापासून आमचं बोलणं म्हणजे 'जेवलीस का' आणि 'गॅस बंद केलास का'. आणि आज त्या माझ्या काखेत साबण लावत होत्या. मी भिंतीकडे बघत राहिले. त्यापण.

२० नोव्हें.

टीव्हीखालचा गेमचा खोका गायब. नि.ने माळ्यावर टाकलाय, दोन्ही कंट्रोलरसकट, पिशवीत बांधून.

"तुला बघून वाईट वाटेल म्हणून."

मी ओरडले. "हात गेलाय माझा, डोळे नाही गेले!"

'गेलाय' हा शब्द पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघाला. नि. उभाच्या उभा. नवरा नाही, दारात आलेला परका माणूस वाटला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि परत आत गेल्या.

संध्याकाळी त्याने खोका खाली काढला. पुसून ठेवला.

२१ नोव्हें.

कंट्रोलर मांडीवर घेतला. उजवा हात डाव्याने उचलून बटणांवर ठेवला. घसरला. परत ठेवला. मेलेला मासा ठेवावा तसा. परत नाही ठेवणार.

२७ नोव्हें.

'काळदरी'चा डेमो आला! ज्याची वाट बघत गेलं वर्ष घालवलं तो गेम. मारामारीचा आहे, दरीत उतरत जायचं, प्रत्येक टप्प्यावर एक राखणदार. पूर्ण गेम उन्हाळ्याच्या आत येणार म्हणतात. मी नेहमी आधी चित्रं बघते, गोष्ट वाचते. आज सरळ कंट्रोलचं पान उघडलं. औषधाच्या पाकिटातला कागद वाचावा तसं वाचलं, एकेक ओळ.

कुठलंही बटण कुठेही हलवता येतं. अंगठ्याने ढकलायच्या दोन्ही काड्यांची अदलाबदल. दाबून धरायच्या जागी एकदाच दाबायची सोय. एका हाताने खेळायची तयार मांडणी, डाव्यासाठी वेगळी, उजव्यासाठी वेगळी. आणि सगळ्यात खाली: दोन कंट्रोलर, एक खेळाडू. दोन माणसांनी मिळून एकच माणूस चालवायचा.

कुणीतरी खुर्चीत बसून माझ्यासारखीचा विचार केला होता. मी पडायच्या आधी. हे कळल्यावर धस्स झालं. का, सांगता येत नाही.

३० नोव्हें.

डावी मांडणी. नाही जमत.

अडतं कुठे ते नीट लिहिते. डावा अंगठा एकच. त्याने काडी ढकलून चालायचं. वार चुकवायचा तर तोच अंगठा काडीवरून उचलून खालच्या बटणावर न्यायचा. तेवढ्यात राखणदाराची गदा डोक्यात. चुकवायचं बटण तर्जनीखाली घेतलं, तर वार कशाने करू? वार मधल्या बोटाला दिला, तर ते बोट ऐकत नाही. कंट्रोलर जमिनीवर ठेवून पायाचा अंगठा लावून बघितला. हनुवटी लावून बघितली. हनुवटीला वळ.

आंधळ्यासारखी मरतेय. पहिल्याच राखणदाराकडून. शाळेत पोरं मला चॅम्पियन म्हणतात.

३ डिसें.

आज जे झालं ते अजून खरं वाटत नाही.

दुपारी खेळत होते, म्हणजे मरत होते. आई मागे चिकू पुसत बसलेल्या. मध्येच म्हणाल्या, "तो खांदा उचलतो ना, मग डावीकडून मारतो. दरवेळेला. तुला दिसत नाय?"

मी वळून बघितलं. त्या टीव्हीकडे बघत होत्या. चष्मा लावून.

"तुम्ही बघता?"

"मग काय भिंत बघू? तुझा माणूस रोज मरतो, मला त्रास होते."

आईंचं माहेर उंबरगावचं. इतक्या वर्षांनीसुद्धा मराठी मध्येच गुजरातीकडे झुकतं. मी हसले बहुतेक. पडल्यापासून पहिल्यांदा.

४ डिसें.

दुसरा कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटा धरला. सुलटा करून दिला. दोन कंट्रोलर, एक खेळाडू, हा पर्याय लावला. चालायचं आणि चुकवायचं माझ्याकडे, वार आणि नजर फिरवायची काडी त्यांच्याकडे.

पहिल्या झटक्यात त्यांनी नजर आभाळाकडे नेली. आमचा माणूस आभाळ बघत दरीत पडला.

"अरे रे! कोणी ढकललं?"

"आई, आपणच."

७ डिसें.

भयंकर आहेत. शांत बाई, देवासमोर आवाज न करता बसणारी, आणि हातात बटण आलं की थांबतच नाही. झाड मारतात, मडकी मारतात, भिंत मारतात. मी म्हणते मागे सरतेय, थांबा, तर म्हणतात, "तू सर मागे, मी मारते." एकाच शरीरात दोघी. मी पळतेय आणि माझा हात मारतोय.

हे वाक्य लिहून मी थबकले. माझा हात.

१३ डिसें.

डहाणूला फिजिओकडे. त्यांनी हात उचलायचा, हलवायचा, परत ठेवायचा. मी नुसती बघत बसायचं. घरी हाच व्यायाम आई करून घेतात. आज बोटं दुमडता दुमडता म्हणाल्या, "लग्नाच्या आधी मी उंबरगावला पतंग उडवायची. मांजा मी, फिरकी भाऊ. हितं आले नि कोणी विचारलंच नाय तुला काय येते."

मीसुद्धा नाही विचारलं.

त्यांनी अंगठा दुमडला, सोडला, दुमडला.

२१ डिसें.

मारला! पहिला राखणदार मेला!

त्याने खांदा उचलला, मी उजवीकडे सरकले, आई गुजरातीत ओरडल्या "हवे!", म्हणजे 'आता', आणि जे बटण बडवलं! तो गुडघ्यावर आला. अजून दोन वार. मेला. आई उभ्या राहिल्या, कंट्रोलर डोक्यावर धरून. अशी किंकाळी की नि. वाडीतून धावत आला, हातात चिकू उतरवायची काठी तशीच.

"काय झालं? कोण पडलं?"

"तो पडला," आई म्हणाल्या.

नि. दारात बसला. हसतोय असं वाटलं, नीट पाहिलं तर रडत होता. त्याने काठी बाजूला ठेवली, चेहरा शर्टाला पुसला आणि म्हणाला, "मला वाटलं परत तू पडलीस." मला माहीतच नव्हतं की तो रोज हे घेऊन फिरतोय.

९ जाने.

मुंबईला तपासणी. सुया टोचून नसांमधून करंट जातो का ते बघतात. खांद्याला जाणवलं. कोपराला थोडंसं. मनगट, बोटं: नाही. पडद्यावर सरळ रेघ.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, डोळ्यांत बघून बोलल्या. "नस ताणलेली नाही, तुटलेली आहे. वाट बघून जोडली जाणार नाही. पोटरीतली नस काढून इथे लावू. लवकर केलेलं बरं."

"मग हात येईल?"

"कोपर येण्याची शक्यता चांगली आहे. बोटांचं मी वचन देणार नाही."

मला वाटत होतं की मला हे माहीतच आहे. मनाची तयारी आहे. काही तयारी नव्हती. नि.ने पाणी दिलं, मी सवयीने उजवा हात पुढे केला. म्हणजे केला नाही. ग्लास खाली.

मुंबईहून येताना आमचं वळण तलासरीच्या फाट्याआधीच येतं, तरी मी तो फाटा गाडीच्या खिडकीतून शोधत होते. डोकं ठिकाणावर नाही.

१२ जाने.

आज दुसरा धक्का, लहान म्हणायचा.

'काळदरी'च्या टीमने पानावर टाकलंय: 'दोन कंट्रोलर, एक खेळाडू' हा पर्याय फार कमी लोक वापरतात, त्यात चुकाही बऱ्याच आहेत, त्यामुळे पूर्ण गेममध्ये तो असेलच असं नाही. कोणाचं काही म्हणणं असेल तर कळवा.

आईंना वाचून दाखवलं. त्यांना आधी कळलंच नाही. "काढणार म्हणजे? मला काढणार?"

"तुम्हाला नाही, पर्याय काढणार."

"एकच ना ते."

१३ जाने.

टीमला पत्र लिहिलं, फोनच्या व्हॉइस टायपिंगने. माझं नाव, गावाचं नाव, हात, सगळं लिहिलं. मग पुसलं. दयेचा अर्ज वाटत होता. परत लिहिलं, फक्त कामाचं: चालणं आणि चुकवणं एका कंट्रोलरवर ठेवलं तरच पर्याय चालतो, नजरेची काडी दोन्हीकडे चालू असली की भांडण होतं, एक बंद करता यायला हवी. चूक कुठे आहे आणि कशी सुधारेल. आई म्हणाल्या, "माझंपण लिही."

"काय?"

"लिही की मी दुसऱ्या राखणदारापर्यंत आलेय नि मला पुढे जायचंय."

लिहिलं. पाठवलं.

१९ जाने.

लिहू की नको. लिहिते.

दुपारी झोप लागली. उठले तर टीव्हीचा आवाज. आई एकट्या. एकच कंट्रोलर, दोन्ही अंगठे. चालतायत, वळतायत, वार चुकवतायत. अडखळत, पण जमतंय. मी दारात उभी. मला बघितलं नाही त्यांनी.

माझ्या वाट्याचं अर्धंही गेलं. एका बाईला दोन हात आहेत याचा इतका राग मला कधी आला नव्हता. मी आत येऊन पडून राहिले. चहाला हाक मारली तर म्हटलं, नको.

२० जाने.

सकाळी वेणी घालताना त्यांनीच विचारलं. "काल का नाय आलीस?"

"तुमचं एकटीचं चाललंय की छान."

कंगवा थांबला. मग परत चालू झाला, आधीपेक्षा जोरात.

"ऑपरेशन झालं की तू किती दिवस बसू शकणार नाय. माझा हात तोपर्यंत विसरेल. म्हणून शिकत होते. तू बरी झालीस की तुझं तुला द्यायला नको?"

"आणि नाही झाले तर?"

त्यांनी वेणीला रबर लावलं.

"तर मारायचं काम माझंच. मी कुठे जातेय?"

मी मान खाली घातली. त्यांनी केसाला तेल कमी आहे असं काहीतरी म्हटलं.

२८ जाने., मुंबई

उद्या ऑपरेशन. उपाशी राहायचंय. नि. कॅन्टीनमध्ये. आई माझ्या पोटरीकडे बघत बसल्यात, जिथून नस काढणार तिथे. मध्येच हात फिरवतात. भीती वाटतेय. दुसरं काही

८ फेब्रु., नरपड

घरी. पायाला टाके, मानेपासून खांद्यापर्यंत टाके. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नस जोडली, आता ती हळूहळू वाढेल, फार हळू. काही दिसायला महिने जातील. रोज बघत बसू नका. रोज बघते.

१४ फेब्रु.

टीमचं उत्तर आलं. दोनच ओळी. नजरेच्या काडीबद्दल तुम्ही लिहिलेलं खरं आहे, दुरुस्त करून बघतोय. पर्याय ठेवायचा की नाही, अजून ठरलेलं नाही. शेवटी: तुमच्या सासूबाईंना सांगा, दुसरा राखणदार आगीला घाबरतो.

आईंना वाचून दाखवलं. त्या बघतच राहिल्या. "माझ्याबद्दल लिहिलं? त्यांनी? खरंच?" फोन हातात घेतला, अक्षरं लागत नव्हती तरी बघत राहिल्या. मग उठून मशेरी लावायला गेल्या. ती त्यांनी कधीच सोडलीय. अर्ध्या वाटेतून परत आल्या.

१६ फेब्रु.

खाली बसता येत नाही, पाय दुमडत नाही. नि.ने टीव्ही पलंगासमोर आणून ठेवला. मी उशीला टेकून, डाव्या हातात माझा कंट्रोलर. आई उजवीकडे पलंगावर चढल्या. जागा कमी. त्यांचा दंड माझ्या उजव्या हाताला चिकटलेला, मला तो फक्त दिसत होता.

"धक्का लागते का तुला?"

"लागला तरी कळणार नाही, आई."

त्या सरकल्या नाहीत.

"कळेल तेव्हा सांग," म्हणाल्या आणि स्टार्टचं बटण दाबलं. मी अंगठा पुढे ढकलला.