फटक्याला दोन रुपये

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, सोमवार

तीर्थस्वरूप अण्णाराव मामा यांना मल्लिनाथचे शरणु शरणार्थी.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत; नळाला पाणी येते त्या दिवशी जरा अधिक बरे असतो. तुमची प्रकृती कशी आहे? मागच्या पत्रात तुम्ही ‘ठणठणीत आहे, रोज सकाळी कुर्डुवाडी स्टेशनपर्यंत चालत जातो’ असे लिहिले होते. वाचून आनंद झाला, तरी त्र्याहत्तराव्या वर्षी माणसाने इतके ठणठणीत असावे का, असा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. उजवा गुडघा मधूनमधून दुखतो, असे शिवबाई मामी दिवाळीत म्हणाल्या होत्या. त्याकडे दुर्लक्ष करू नका. चारचौघांत त्याचा उल्लेख करत जा. (हे सगळे फोनवरही बोलता आले असते, पण फोन नेहमी मामी उचलतात आणि मग हुरड्याच्या ज्वारीपलीकडे विषय जात नाही.)

आपल्या गावात गोल्फचे मैदान झाले हे तुमच्या कानावर आले असेलच. तुम्ही रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये असताना तुमच्या एका साहेबाने मागच्या माळावर तीन होल खणून घेतले होते आणि रविवारी तो त्या चेंडूमागे उन्हात फिरायचा, हे तुम्ही आम्हाला कितीदा तरी सांगितले आहे. आमच्याकडे नऊ होल आहेत. कुठल्याशा योजनेतला निधी शिल्लक राहिला होता, तो परत जाऊ नये म्हणून शहराने हे मैदान केले. हिरवळ फाटकापाशी उद्घाटनापुरती आहे, पुढे कुसळ आणि बाभळी. होलभोवती तेल शिंपडलेली वाळू आहे, तिच्यावर दुपारी भाकरी भाजता येईल. असे हे शहराच्या मालकीचे वैभव. आता मालकी आली म्हणजे शुल्क आले, आणि शुल्क आले म्हणजे शुल्क ठरवणारी समिती आली. त्या समितीवर ‘जाणकार नागरिक’ म्हणून मला घेतले. जाणकार अशासाठी, की मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, आणि नागरिक अशासाठी, की दुसरे कुणी यायला तयार नव्हते. मी हो म्हटले ते सेवेच्या भावनेने की मिरवण्याच्या हौसेने, याचा रोजनिशीत दोन पाने विचार केला आणि सेवेच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल बरोबर होता की नाही याचा विचार पुढच्या दोन पानांत आहे.

समितीचे अध्यक्ष चन्नप्पा. मूळचे मंद्रूपचे, आता इथे त्यांची दोन मंगल कार्यालये आहेत आणि तिसरे व्हायचे आहे. (गोल्फच्या मैदानाकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांत मला नेहमी मांडव दिसतो.) पहिली बैठक सकाळी अकराला होती, ती जेवणाच्या सुमारास भरली. एकाने सुचवले, पोहण्याच्या तलावासारखे तासावर पैसे घ्यावेत. त्यावर दुसरा म्हणाला, खेळणारी माणसे निंबाखाली चहा पीत बसतात, त्या वेळेचे काय? मग होलमागे पैसे घ्या, असे निघाले. पण चौथ्या होललाच ऊन लागून परत आला तर उरलेल्या पाचांचा परतावा कुठल्या खात्यातून द्यायचा, यावर अर्धा तास गेला. मग अध्यक्षांनी मासिक पासाची कल्पना मांडली, आणि लगेच पासातल्या सवलती. आजी नगरसेवक, माजी नगरसेवक, त्यांची कुटुंबे, पत्रकार, पत्रकारांचे पाहुणे, शिवाय ज्यांची ‘अध्यक्षांना माहिती आहे’ असे लोक. यादी पूर्ण झाल्यावर मी हिशेब केला. संपूर्ण शहरात पैसे भरून खेळायला पात्र असा एकच इसम उरत होता, आणि तो बहुधा मी होतो.

तेव्हा माझा तोल गेला. मामा, मी सहसा चिडत नाही. चिडलो तर शांतपणे टोमणा मारतो, कारण शिकलेल्या माणसाला तेवढेच जमते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, की मग असे करा, फटक्यावर पैसे घ्या. पाण्याच्या मीटरसारखे. एका फटक्याला दोन रुपये. जो जास्त मारील तो जास्त भरील. एवढे बोलून मी खाली बसलो आणि समितीला लाज वाटण्याची वाट पाहू लागलो.

कुणीच हसले नाही. अध्यक्ष हळूच म्हणाले, “सर, हे लई बरोबर बोललाव बगा. आमच्या मंद्रूपच्या बाजारात भाजीच्या पाटीवर पैसे घेतात की. तसंच झालं.” मग ते आमचे लिपिक धनाजी यांच्याकडे वळले. “लिव बे धनाजी. सूचक म्हणून सरांचं नाव घाल, पूर्ण घाल, डिग्रीसकट.” ठराव एकमताने मंजूर झाला. एकमतात माझेही मत आले, कारण स्वतःच्याच सूचनेला विरोध कोणत्या तोंडाने करायचा, हे ठरेपर्यंत चहा आला होता. (त्या दिवशी रोजनिशीत मी ‘उपहास वाया गेला’ असे लिहिले, मग ‘वाया गेला’ खोडून ‘मंजूर झाला’ केले.) आता मैदानाच्या फाटकावर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत दर आहे आणि खाली ‘सूचक : प्रा. मल्लिनाथ, एम.ए.’ असे आहे. माझ्या वर्गातली मुले तिथे जाऊन पाटीबरोबर फोटो काढतात.

आता प्रश्न असा, की फटके मोजायचे कुणी. खेळणाऱ्यामागे उन्हात फिरायला कुणी कर्मचारी राजी होईना. तेव्हा घरपट्टीप्रमाणे स्वयंघोषणा ठेवली. खेळून झाले की खिडकीशी यायचे, आकडा सांगायचा, पैसे भरायचे, पावती घ्यायची. खिडकीच्या आत धनाजी. आपल्या माणसांच्या प्रामाणिकपणावर एवढा विश्वास मी कुठल्याच ठरावात पाहिलेला नाही.

पहिल्या रविवारी अध्यक्ष पांढरी टोपी घालून आले, बरोबर सहा माणसे. त्यांनी काठी उगारली, माती उडाली, चेंडू जागेवर. पुन्हा माती. विहिरीच्या कामाला एवढी माती निघाली असती तर पाणी लागले असते. दोन तासांनी ते खिडकीशी आले आणि “सत्तावीस” म्हणाले. तुम्हीच सांगत होता, की तुमचा साहेब चांगला खेळायचा तरी नऊ होलला त्याला चाळीसच्या वर फटके लागायचे, आणि छत्तीसात आटोपणाऱ्याला तो हात जोडायचा. इथे सत्तावीस. त्याच दुपारी त्यांचे विरोधक शिवपुत्र आले. अध्यक्षांपेक्षा कमी पैसे भरल्याशिवाय त्यांना घरी जाणे शक्यच नव्हते. त्यांनी पंचवीस सांगितले. पुढच्या आठवड्यात मैदानाच्या मातीकामाचे ठेकेदार बिरुदेव आले आणि त्यांनी नऊ फटके लिहायला सांगितले. धनाजींनी अदबीने विचारले, “प्रत्येक होलला एकच का, साहेब?” बिरुदेव म्हणाले, “मग काय, एकदा आत गेल्यावर परत बाहेर काढून मारू?” अठरा रुपयांची पावती फाटली.

खरे पैसे भरणारी एकच व्यक्ती निघाली. आमच्या शेजारच्या सुंदरम्मा. त्यांचे तेलाचे दुकान तुम्हाला आठवत असेल. आता मुलगा बघतो. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितले, तर नुसते चालण्यात वेळ घालवायचा नाही म्हणून त्या काठी घेऊन चालतात. प्रत्येक फटका मोठ्याने मोजतात, कानडीत. ओंदु, एरडु, मूरु, असे सकाळी सातपासून ऐकू येते, आणि शंभराच्या पुढे आवाज अधिकच खणखणीत होतो. पहिल्या दिवशी एकशे एकाहत्तर झाले. खिडकीशी त्यांनी आधी विचारले, आजचा सगळ्यात मोठा आकडा कुणाचा? त्यांचाच होता. समाधानाने पैसे मोजून दिले. मी त्यांना समजावले, की या खेळात कमी फटके मारणारा श्रेष्ठ. त्या माझ्याकडे कीव केल्यासारख्या बघत म्हणाल्या, “असं कसं सर? पैसे दिलं तर मारून घ्यायचं की. कमी मारून घरी जायला मी काय येडी हाय?” इतकी वर्षे अर्थशास्त्र शिकवून मी हे वाक्य रोजनिशीत उतरवून घेतले. मैदानाच्या उत्पन्नातला निम्म्याहून मोठा वाटा आज एकट्या सुंदरम्मांचा आहे. बाकीच्या साध्या लोकांनी दोन फेऱ्यांनंतर येणे सोडले.

तरीही प्रकरण आमच्या आमच्यात राहिले असते. पण धनाजींनी पावत्यांवरून खेळाडूंचा तक्ता करून फलकावर लावला, एका वार्ताहराने तो छापला, आणि पुण्याच्या एका मोठ्या क्लबचे पत्र आले. सोलापुरातील चार सर्वोत्तम खेळाडूंना येत्या रविवारच्या स्पर्धेचे सन्मानपूर्वक निमंत्रण. जाणे-येणे, राहणे, जेवण त्यांच्याकडे. (एकाच फेरीत नऊ होलला नऊ फटके हा आकडा आपण पुन्हा तपासून कळवावा, अशीही त्यात नम्र ओळ होती.) अध्यक्षांनी पत्र वाचून पेढे मागवले आणि समितीने तक्त्यातली वरची चार नावे त्याच दिवशी पाठवून दिली. बिरुदेव, शिवपुत्र, स्वतः अध्यक्ष. चौथे नाव महत्त्वाचे नाही. पेढे खाऊन झाल्यावर कुणीतरी पत्राचे दुसरे पान वाचले. तिथे प्रत्येक खेळाडूमागे एक पंच चालतो आणि फटके तो लिहितो.

तातडीची बैठक झाली. ही मात्र ठरल्या वेळेला भरली. अध्यक्ष मला म्हणाले, “सर, तुमी शिकलेली माणसं, तुमीच आमाला गाळात घालणार व्हय?” मला वाटले, आता खरे सांगावे. उभा राहून मी म्हणालो, की ती सूचना नव्हतीच, तो उपहास होता. धनाजींनी पेन उचलून विचारले, “सर, उपहास कुठल्या रकान्यात लिहू?” आणि अध्यक्ष, मामा, खरोखर दुखावलेल्या आवाजात म्हणाले, “म्हंजे त्या दिवशी तुमी आमाला हसलाव? आमी तर तुमचं नाव पाटीवर घातलं की.” मला दोन क्षण शरम वाटली. ती त्यांना हसल्याची होती की पकडले गेल्याची, हे अजून ठरायचे आहे. दर मात्र कायम राहिला, कारण तो बदलला तर सुंदरम्मांकडून येणारे पैसे बुडतील.

आणि मग गावात साथ आली. अध्यक्षांची कंबर धरली. शिवपुत्रांना मूतखडा निघाला. बिरुदेव मैंदर्गीला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले, तो साखरपुडा म्हणे चार दिवस चालणार आहे. तिघांची पत्रे एकाच दुपारी आली. काय ही माणसे. दोन रुपये वाचवायला खोटे आकडे, आणि ते झाकायला खोटी दुखणी. मी पाहिलेला सार्वजनिक जीवनाचा तळ तो हाच. तुमच्याकडून मला काही नको आहे. मन मोकळे करायला घरचे वडीलधारे माणूस तुम्हीच, म्हणून एवढे लिहिले. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
मल्लिनाथ

ता. क. – चौथे नाव माझे आहे. गैरसमज नको. दराचा सूचक म्हणून एकदा स्वतः खेळून पाहणे मला कर्तव्य वाटले. आकडा सांगताना मी शक्य तितका काटेकोर राहिलो. शुल्क हे शहराच्या मालमत्तेच्या वापराचे असते. काठी नुसती हवेतून गेली तर हवा शहराच्या मालकीची नाही, तेव्हा असे फटके धरणे तत्त्वतः चूक ठरले असते. चेंडू मागे गेला तो फटका वजाबाकीच्या बाजूला येतो, हे कुठलाही हिशेबनीस सांगेल. अशा रीतीने अगदी प्रामाणिकपणे एकतीस उरले. सुंदरम्मांना हे पटलेले नाही. “मी मागंच होते की सर,” म्हणाल्या, “तुमचं मोजता मोजता माझं विसरले.”

ता. क. २ – कंबर, मूतखडा आणि साखरपुडा ही तिन्ही कारणे आता वापरून झाली आहेत. तेव्हा तुम्ही शुक्रवारी एक मेसेज पाठवावा : ‘प्रकृती बिघडली आहे, ताबडतोब ये.’ मी तुम्हाला खोटे बोलायला सांगणार नाही. गुडघा दुखतो हे खरेच आहे, आणि गुडघा हा प्रकृतीचाच भाग आहे. ‘ताबडतोब’ एवढे माझ्या सांगण्यावरून घालावे. मामींना विश्वासात घ्या, पण हे पत्र दाखवू नका.

ता. क. ३ – तिघांच्या जागी समिती सुंदरम्मांना पाठवत आहे. त्या आनंदात आहेत. पुण्याची माणसे किती मारतील, मी दोनशेच्या खाली येत नाही, असे गल्लीभर सांगून झाले आहे. त्यांची गाडी शनिवारी कुर्डुवाडीवरूनच जाते. तुमचे कळल्यापासून त्यांना चैन नाही. वाटेत उतरून तुम्हाला बघायचे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायची आणि मागच्या गाडीने पुढे जायचे, असे त्यांनी ठरवले आहे. बरोबर मी असेनच. तेव्हा शनिवारी सकाळी कृपया स्टेशनवर फिरायला येऊ नका. घरी पडून राहा.

ता. क. ४ – त्यांना कळले कसे, असे तुम्ही विचाराल. मी समितीला आधीच कळवून टाकले. गेल्या गुरुवारपासून तुम्ही आजारी आहात. जपा, आणि रविवारपर्यंत उतार पडू देऊ नका.