साठावं पान

इचोडा, ५ एप्रिल

ताई,
सप्रेम जयभीम. वि. वि. फोन ढाब्याच्या हौदात पडला, म्हणून हे पत्र तामसीच्या बसच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यलो.

तुह्या लग्नाची खबर लागली. इथं टरबुजाचे ट्रक सुरू झाले. एक ड्रायव्हर पोपट घेऊन फिरते, पोपट तेलुगूत शिव्या देते. असो. बाबांनी जेवणाऱ्यांत मले धरलं का? आयटीआय सोडून पळालो तवा म्हणाले होते, हा पोरगा कशातच बसत नाही. धरलं नसंल तर शनिवारी नागपूरच्या ट्रकवर चढतो. राग नाही.

माया असू दे, पोपटावानी शिव्या दिल्या तरी चालंल.
अमरदीप

तामसी, ७ एप्रिल

चि. अमरदीप यास ताईचा जयभीम व आशीर्वाद.

नवरदेवाकडचे चौऱ्याऐंशी, आपले साठ. सासरचे म्हणतात, दोन्हीकडच्या पंगती वेगळ्या, पण सारख्या लांबीच्या हव्यात. शेवटी तुटकी पंगत नको. शेजारच्या कौशल्याबाईंकडच्या लग्नात दोन पाहुणे शेवटी वेगळे बसले, ते अजून बोलत नाहीत. म्हणून मी एका पंगतीला बारा काढले. दोन्ही आकड्यांना बाकी न ठेवता भागणारा सर्वांत मोठा आकडा तोच. त्यांच्या सात पंगती, आपल्या पाच.

मोजताना बाबांनी तुझं नाव घेतलं नाही. तुला धरलं तर एकसष्ट, आणि एकसष्टाचा चौऱ्याऐंशीशी एकाशिवाय कशाने मेळ बसत नाही. म्हणजे ज्याची त्याची वेगळी पंगत. तू लहानपणापासून असाच. तरी ये.

वाट पाहणारी,
वृषाली

इचोडा, ८ एप्रिल

ताई, जयभीम.

म्हणजे मी बाकी. शाळेत बाकी उरली की गुरुजी ती कोपऱ्यात लिहायचे. मी कोपऱ्यात जेवलो असतो, पण तुह्या सासरचे कोपरेच मोजून राह्यले. मंग तुह्या पंगती मोडायले काऊन येऊ? तुह्या आहेरासाठी पोपट मागतला, तर विकायचा नाही म्हणते ड्रायव्हर.

लोभ कमी करू नको.
अमरदीप

तामसी, ९ एप्रिल

चि. अमरदीप, अनेक आशीर्वाद.

ट्रकवर चढू नकोस. काल बाबांना विचारलंच. त्यांनी ज्वारीचे दाणे मांडून घर-घर मोजून दाखवलं. नवरीचं पान सासरकडे, म्हणून आपल्या घराचे दोनच दाणे. एक आईचा. दुसरा तुमचा ना, म्हटलं, तर म्हणाले, मास्तरीण झाली तरी तुले येवढं समजत नाही काय, पोरीचा बाप समद्यायचं झाल्यावर जेवते. तो दाणा त्या भटक्याचा हाय.

तेव्हा साठ तुझ्यासकट. तू आला नाहीस तर एकोणसाठ, आणि त्यालाही काहीच भागत नाही. लग्न मोडलं तर पोपटाला काय सांगशील?

बाकी उरतात ते बाबा. तुझं जेवून झालं की त्यांना वाढायला थांब.

तुझीच,
ताई