बापाकांच्या होल्याचं मौनव्रत

क्लातेन, सोमवार दुपार

प्रिय वार्नी म्बाक,

तुला आणि भावजींना धाकट्या सार्जोनोचा वाकून नमस्कार. तुम्ही सगळे सुखरूप असाल, आपल्या बापाकांची भूक शाबूत असेल आणि धुणं धुताना तुझी कंबर आता कुरकुरत नसेल, असं धरून चालतो. इकडेही ठीक. म्हणजे रुमिनी ठीक आहे, होला तर फारच ठीक आहे. मी तेवढा संपत आलोय.

फोन सोडून रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पत्र कशाला, म्हणशील. (गल्लीतला एकुलता एक फोन पाक वागीमानच्या दुकानात, तिथे सगळी गल्ली हजर, आणि तुझ्याकडच्या फोनला कान लावून स्वतः बापाक. मग खरं बोलायचं कुठे?) बापाक मोतीबिंदू काढायला सुराबायाला तुझ्याकडे आले आणि जाताना आपला लाडका पर्कुतुत होला माझ्या गळ्यात बांधून गेले. मला वाटलं, मुठीत मावणारा होला, त्याचं करायचं ते काय! म्बाक, घरजावई परवडला. पहाटे उठून पिंजरा पुसायचा, राळे पाखडून घालायचे, वर चिमूटभर काळे चिकट तांदूळ. (चिमूट बापाकांच्या बोटांची हवी, माझ्या चिमटीतले तो पायानं उडवतो.) मग कप्पीच्या दोरीनं पिंजरा बांबूच्या शेंड्याला चढवायचा, म्हणजे साहेबांना वारा लागेल आणि ते घुमतील. ऊन तापलं की पुन्हा खाली. दर पस्तीस दिवसांनी येणाऱ्या क्लिवोनच्या शुक्रवारी आंघोळ, तीही उकळून निववलेल्या पाण्यानं. मी स्वतः विहिरीच्या गार पाण्यावर भागवतो. पण बापाक बसमध्ये चढले आणि यानं चोच मिटली, ती मिटलीच.

पुढचा तमाशा तू तिकडून ऐकतेच आहेस. रोज सकाळी मी पिंजरा घेऊन दुकानात जायचं, फोन पिंजऱ्याला लावून उभं राहायचं, पलीकडे बापाकांनी कान टवकारायचे आणि मध्ये या मौनीबाबानं डोळे मिटून बसायचं. होला गप्प आहे म्हणजे घराचे दिवस बरे नाहीत, आणि अशा दिवसांत डोळ्याला हत्यार लावून घ्यायचं नाही, असं म्हणून बापाकांनी डॉक्टरांची तारीख घालवली. आणखी उशीर केला तर डोळा हातचा जाईल, हे तू रडत सांगितलंस तेव्हापासून होल्याला बोलतं करायला मी काय काय केलं म्हणून सांगू.

पाक वागीमाननं (त्यानं आयुष्यात एकही होला पाळलेला नाही, म्हणूनच तो या विषयातला जाणकार) होल्याला डावीउजवीकडून न्याहाळून निदान केलं, "अरे, तो तुला मालक मानतच नाही. बापाकांचा सारोंग नेस, त्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा अंगरखा चढव, त्यांच्यासारखा खाकर." केलं तेही. रुमिनीनं मला अंगणात पाठमोरा पाहिला आणि "अगंबाई, बापाक! कधी आलात? कळवलंही नाहीत," म्हणत मान लववून दोन्ही हातांनी कॉफी आणली. लग्न झाल्यापासून एवढ्या अदबीनं मिळालेली ही पहिलीच कॉफी. मी तोंड वळवल्यावर कप परत गेला. होल्यानं मला एकदा नीट पाहिलं आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला.

शेवटी परवा मीच घुमलो. होय, मीच. दोन दिवस न्हाणीघरात सराव केला (रुमिनी बाहेरून म्हणाली, "अहो, घसा धरलाय का? आल्याचं पाणी ठेवू?") आणि दुकानात पिंजऱ्याआड वाकून, भर गिऱ्हाइकांसमोर, "हूऽर केतेकूक!" पलीकडे बापाकांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग बापाक म्हणाले, "आज अगदी पोटातून घुमला बघ. डॉक्टरांना सांगा, मंगळवारी येतो. तोवर रोज ऐकवत जा रे, मनाला धीर येतो." मला घुमताना डोळ्यांदेखत पाहूनही पाक वागीमान म्हणाला, "शेवटचा सूर आखूड पडला." तेव्हापासून मी रोज घुमतोय आणि लोक कॉफीचे पेले घेऊन ऐकायला येतात. मंगळवार एकदाचा पार पडू दे, मग मी महिनाभर कुणाशी चकार शब्द बोलणार नाही.

तुझा भाऊ,
सार्जोनो

ता. क. हे पत्र बापाकांना अजिबात वाचून दाखवू नकोस.

ता. क. २. आत्ता रुमिनीनं आठवण करून दिली, की बापाकांना दिसत नाही म्हणून तू आलेलं प्रत्येक पत्र त्यांच्या शेजारी बसून पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचतेस. म्हणजे व्हायचं ते होऊन गेलं. हे सगळं फाडून पुन्हा लिहायचं त्राण माझ्यात नाही.

तेव्हा बापाक, चुकलो, माफ करा. पण होला अपशकुनानं गप्प नाही. पिंजरा कसाही टांगला तरी तो फिरून फाटकाकडे तोंड करतो आणि तुमची वाट बघत बसतो. मला ते कळतं, कारण त्या बांबूखाली मीही तसाच बसलेला असतो. डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या आणि लवकर घरी या. पत्र उद्या पहाटे पोचेल, सकाळी मी फोन करीन. घुमणार नाही. तुम्ही "हो" म्हणा, तेवढं ऐकून ठेवीन.