इलोप लिहिलेलं पान

सोनाळा, मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

ती. स्व. रुखमाबाईस, धाकट्या हिंमतचा शि. सा. नमस्कार.

फोन करत नाही, कारण तुझा फोन सदा आमच्या करिष्माच्या हातात. म्हणून एसटीनं पाठवतो त्या भाजीच्या थैलीत, वांग्यांखाली ही चिठ्ठी ठेवली आहे.

परवा पोरगी घरी आली होती. ती मैत्रिणीकडे गेली तेवढ्यात मी तिची वही चाळली. एका पानावर वर मोठा इंग्रजी शब्द, इलोप, आणि खाली पानभर मजकूर. गजेंद्र मास्तरांना दाखवलं. अर्थ काय, तर लग्नासाठी गुपचूप पळून जाणे. मास्तर हसले, मला हसू आलं नाही. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायला तुझ्याकडे ठेवली ती याच्यासाठी का? इकडे वडनेर भोलजीचं स्थळ दिवाळीपासून खोळंबलं आहे. रविवारी येऊन तिला घेऊन जातो. परीक्षा गेली उडत. तिला पत्ता लागू देऊ नको.

पाठच्या भावावर माया आहे तशी राहू दे.

हिंमत


जळगाव जामोद, बुधवार, ४ डिसेंबर

चि. हिंमतरावास अनेक आशीर्वाद.

तू लहानपणापासून संशयी. तरी मी तिला आडून आडून विचारलं. ती म्हणाली, रोज एक क्रियापद घेते. अर्थ, मूळ, वापर, सगळं लिहिते. इलोप म्हणे आधी कोर्टकचेरीतला शब्द. नवऱ्याला सोडून दुसऱ्याबरोबर गेलेल्या बाईसाठी होता, प्रेमात पडलेल्यांना तो पुढे लागला. सांगताना तिनं नजर चुकवली नाही.

पण एक गोष्ट मला खटकते. ती रोज पाच वाजता बाहेर पडते. मंगळवारी, शुक्रवारी तुझी थैली आणते, दुसऱ्या दिवशी रिकामी परत गाडीत ठेवते, ते ठीक. बाकीच्या दिवशी काय? काऊन जातं वं रोज, म्हणून विचारलं, तर म्हणे पाय मोकळे करून राह्यली. आता मलाही शंका येते. तू ये.

घरी सर्वांना आशीर्वाद, तब्येतीला जप.

रुखमाबाई


बसस्टँड, त्याच दिवशी, पाच वाजता

ती. बाबांस करिष्माचा नमस्कार.

थैली नेणारी-आणणारी मीच, हे तुम्ही दोघं विसरलात. दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. माझं चुकलं, पण वाईट फार वाटलं.

दिवाळीत तुम्ही पाहुण्यांशी तारखेचं बोलत होता, तेव्हा मी दाराआड होते. निघून जावं असं मनात आलं, म्हणून तो शब्द शोधला. त्यात सोबत कोणीतरी लागतं. मला कोणी नाही, बाबा. वापराच्या ओळीत मी लिहिलं आहे, की ती पळाली नाही, परीक्षेला बसली. मास्तरांनी तुम्हाला ती ओळ वाचून दाखवली नसेल. परीक्षा पंधराला आहे. त्यानंतर स्थळाचं तुमच्यासमोर बसून बोलेन.

आणि पाचचं म्हणाल, तर थैली दोनच दिवस येते हे मला माहीत आहे. तरी सोनाळ्याची गाडी मी रोज बघते. इथे येऊन वर्ष झालं, एखाद्या दिवशी तुम्ही उतराल असं वाटतं. रविवारी खरंच या. पण भेटायला या, न्यायला नको.

तुमचीच,
करिष्मा