तुटकं शिंग उजवीकडं

४ नोव्हें.
आमच्या कार्टून सिनेमाचा शाळेच्या पोरांना फुकट खेळ. मध्यंतराआधी एक चिमुरडी ओरडली, "बाई, म्हशीचं शिंग तिकडं गेलं!" सगळं थिएटर हसलं. मीही हसले. शॉटला शॉट जुळतो का बघायचं, म्हणजे ताळ्याचं काम माझं, हे तिथं कुणाला ठाऊक?

चांदी म्हैस, डावं शिंग तुटकं. सिनेमातली पोरगी गौरी धार काढते त्या शॉटमध्ये तुटलंय उजवं. मागचं गोठ्याचं दार आधीच्या शॉटशी जुळेना, नवीन चित्रं काढायचा कंटाळा, शनिवारी मैत्रिणींबरोबर गगनबावड्याला जायचं ठरलेलं. सरळ अख्खा शॉट उलटा केला, आरशात दिसतो तसा. वहीत लिहिलं, "जुळलं".

६ नोव्हें.
आमचे दिग्दर्शक राजू सर, त्यांना सिनेमाच्या पेजवर टाकायला 'पडद्यामागच्या गमती' हव्यात. "चुकापण टाका, पोरं शोधत बसतील." चांदीच्या रवंथाचा आवाज म्हणजे मी चिरमुरे खातेय, हे टाकलं. शिंगाचंही टाकलं, गंमत म्हणून.

पण शॉट उलटला की गौरीसुद्धा म्हशीच्या उजवीकडं बसते, आणि धार काढतात डावीकडनं. तेवढं लपवायला आणखी एक ओळ: "धार काढण्याचे सगळे बारकावे उचगावच्या आप्पांनी पास केले."
आप्पांनी तो शॉट बघितलेलाच नाही.

९ नोव्हें.
दूध कट्ट्यावर गेले. आप्पा रोज संध्याकाळी म्हैस तिथं आणतात, गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास हातात देतात. हीच म्हैस बघून आम्ही चांदी काढली. दोन महिने मी तिच्याशेजारी वही घेऊन बसत होते. पहिल्याच दिवशी आप्पा म्हणाले होते, "ताई, डाव्या अंगानं बसायचं. उजवीकडं बसलासा तर लाथ बसंल." लाल पेनानं लिहून घेतलं होतं मी!

आज कट्ट्यावरची मंडळी आप्पांना घोळात घेत होती.
"काय आप्पा, सिनेमात उजवीकडनं धार काढायला शिकवलासा व्हय?"
"म्या न्हाय तसं सांगितलं."
"छापलंय की! तुमीच पास केलंय."
मी दोन म्हशींपलीकडं उभी. दूध न घेताच मागं फिरले.

१० नोव्हें.
पेजवरची ती ओळ काढली. सरांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "सोडा ओ, चार दिवसांत इसरत्यात." इथं बसून सोपं आहे म्हणायला. आप्पांना रोज कट्ट्यावर उभं राहायचंय.

१२ नोव्हें.
आप्पांचा फोन. भांडतील म्हणून तयारीत होते. तर हळू आवाजात, "ताई, म्याच उलटं सांगितलं असंन काय ओ? वय झालं आता. ध्यानात ऱ्हाईना."
उभं आयुष्य म्हशींत गेलेला माणूस. त्याला स्वतःच्या हातांचा भरवसा वाटेना, ते माझ्या एका ओळीमुळं. आणि मी काय म्हणाले, तर "बघते आप्पा." लाज वाटते स्वतःची.

१५ नोव्हें.
उचगावला गेले, ताळ्याची वही घेऊन. आप्पा वैरण टाकत होते. एका दमात सांगितलं. शॉट मी उलटला, ओळ मी लिहिली, तुम्ही बरोबरच सांगितलं होतं. लाल पेनाचं पान दाखवलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं. "डाव्या अंगानं" वर बोट ठेवून पुन्हा वाचलं.

मग म्हणाले, "म्हंजे म्या बराबर हुतो."
"हो आप्पा."
"मग हितं गोठ्यात सांगून काय उपेग? म्हशीला ठावंच हाय. कट्ट्यावर सांगा की."
चिडले नव्हते. पण चहा घ्या म्हणाले नाहीत. याआधी तसं कधी झालं नव्हतं.

१६ नोव्हें.
संध्याकाळचे साडेपाच. एवढ्यात कट्टा भरेल. वही पिशवीत, लाल पानात खूण घातलीय. काय बोलायचं ते तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा "आमच्याकडून चूक झाली" असंच उतरलं. आमच्याकडून कुठली? 'माझ्याकडून' म्हणायचं. चप्पल घातलीय. निघते.